उरुळीचे मणिभाई

मुलांनो, लोअर परळच्या पुलावर उभे राहून एकदा चारी बाजूंना पाहा. काचेच्या उंच इमारतींच्या गर्दीत एखादे जुने विटांचे धुरांडे अजून दिसते. ते गिरणीचे धुरांडे आहे. फिनिक्स मिलच्या जागी आज मोठा बाजार भरतो, पण एके काळी या भागात पहाटे भोंगा वाजला की हजारो माणसे डबा घेऊन घराबाहेर पडत. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा किंवा पणजोबा साचेखात्यात कामाला असतील. कोणी उत्तर प्रदेशातून आपला हातमाग सोडून आले असतील, कोणी रत्नागिरीहून, कोणी सातारा-नगरच्या बाजूने.

ही सगळी माणसे गाव सोडून का आली? घरी एकदा विचारून पाहा. बहुतेक घरांत एकच उत्तर मिळेल. जमीन थोडी होती, पाणी पावसाचेच होते. खरिपाचे पीक हाती आले की चार-सहा महिने निघत, पुढे काय? रब्बीला पाणी नसे. मग घरातला एक जण मुंबईला येई आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठवी. (जाता जाता एक गोष्ट लक्षात घ्या. खरीप आणि रब्बी हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते अरबी-फारसीतून उर्दूत आले, तसेच मराठी शेतकऱ्याच्या तोंडीही बसले.)

ज्यांची गोष्ट या पाठात सांगायची आहे, त्यांनी गिरणीत कधी काम केले नाही. ते मुंबईला राहिलेही नाहीत. पण गावातल्या माणसाला गाव सोडावे लागू नये म्हणून काय करता येईल, या एकाच प्रश्नावर त्यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे घालवली. त्यांचे नाव मणिभाई देसाई. मुंबईत 'भाई' म्हटले की कधी कधी भलताच अर्थ निघतो. गुजरातेत मात्र ते आदराने नावाला जोडतात.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. वडील भीमभाई शेतकरी होते. मणिभाई लहान असतानाच ते वारले. मणिभाईंना दहावे वर्ष चालू होते, तेव्हा त्यांच्याच जिल्ह्यातून महात्मा गांधींची दांडीयात्रा गेली. त्या भागातल्या मुलांच्या मनावर त्या दिवसांचा ठसा उमटला नसता तरच नवल. पुढे मणिभाई सुरतेला शिकले आणि विज्ञानाचे पदवीधर झाले. त्या काळी पदवी मिळालेल्या तरुणाला चांगली नोकरी सहज मिळे. पण १९४२ साली 'छोडो भारत' चळवळ सुरू झाली आणि मणिभाई तिच्यात पडले. त्यांना तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर ते गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात दाखल झाले.

आता आपण उरुळीला जाऊ. दादरहून सोलापूरकडे जाणारी गाडी पुणे सोडून पुढे गेली की सुमारे तीस किलोमीटरवर उरुळी कांचन नावाचे स्टेशन लागते. मार्च १९४६ मध्ये गांधीजी या गावी आठवडाभर राहिले. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांच्या साहाय्याने गरिबांवर उपचार करावेत, असा त्यांचा विचार होता. त्यांना ते काम शहरात करायचे नव्हते, खेड्यात करायचे होते. गावकऱ्यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजींना देशाची इतर कामे होती, त्यांना जावे लागले. मागे कोणीतरी राहायला हवे होते. सव्वीस वर्षांच्या मणिभाईंनी आयुष्यभर उरुळीत राहण्याचा शब्द गांधीजींना दिला.

शब्द देणे सोपे असते. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली. ज्यांना शब्द दिला तेच राहिले नाहीत. मणिभाईंना गावची भाषा नीट येत नव्हती, गाव परके होते, घरची शेती गुजरातेत होती. ते परत गेले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण ते गेले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. उरुळी हेच त्यांचे घर झाले.

आश्रमात रोगी येत. मातीची पट्टी, कटिस्नान, ताक, भाजीपाला यांनी काही बरे होत आणि घरी जात. थोड्या महिन्यांनी त्यांतले काही पुन्हा येत. मणिभाई विज्ञान शिकलेले होते, त्यामुळे ते कारण शोधू लागले. माणूस घरी जाऊन पुन्हा तेच अपुरे अन्न खाणार असेल, मुलांना दुधाचा थेंब मिळणार नसेल, तर रोग परत येणारच. म्हणजे औषध आश्रमात नव्हते, शेतात आणि गोठ्यात होते. माझ्या मते मणिभाईंच्या आयुष्याला खरे वळण इथे लागले. ते वैद्य म्हणून राहिले असते तर आज त्यांचे नाव उरुळीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्यांनी आश्रमाच्या माळरानावर शेती सुरू केली. गावातल्या मुलांसाठी माध्यमिक शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. आणि गाय पाळायला घेतली.

आपल्याकडची गावठी गाय तुम्ही पाहिली असेल. ती काटक असते, उन्हात फिरते, मिळेल ते खाते. पण दूध किती देते? दिवसाला एक-दोन लिटर, तेही वासराला पाजून उरेल तेवढे. पहिल्यांदा वितेपर्यंत ती चार वर्षांची, कधी त्याहून मोठी होते. तोवर तिला नुसते खाऊ घालायचे. भाकड गुरे गावोगाव होती. चारा त्यांना पुरत नसे आणि मालकाला त्यांचा उपयोग नसे.

मणिभाईंनी आधी सौराष्ट्रातल्या गीर जातीच्या गाई आणल्या. पुढे आलेले गोल कपाळ, लांब लोंबते कान आणि मागे वळलेली शिंगे, अशी ही गाय ओळखायला सोपी आहे. मणिभाई गुरांचे डॉक्टर नव्हते. पुस्तके वाचून, जाणकारांना विचारून आणि मुख्य म्हणजे रोज गोठ्यात उभे राहून ते शिकले. कोणती गाय किती दूध देते, तिला काय खायला घातले, तिची कालवड कशी निघाली, याची नोंद ठेवायची. चांगल्या गाईंची चांगली पैदास निवडायची. पुन्हा नोंद ठेवायची. या कामात चमत्कार नसतो. वर्षे जातात. पण योग्य निवड आणि पोटभर वैरण मिळाली की आपल्या देशातली गायही पुष्कळ दूध देते, हे आश्रमाच्या गोठ्यात दिसून आले.

तरी एक अडचण राहिलीच. आश्रमात पन्नास उत्तम गाई असल्या, म्हणून पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याच्या दारात काय बदलते? गीर गाय विकत घेण्याएवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. त्याच्याकडे होती ती गावठी गाय. तिच्याच पोटी चांगली कालवड जन्माला यावी, असे काही करायला हवे होते.

त्यासाठीच १९६७ साली मणिभाईंनी एक संस्था स्थापन केली. भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन असे तिचे नाव. लोक तिला 'बायफ' म्हणू लागले आणि आजही म्हणतात. प्रयोगशाळेतले संशोधन शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत नेणे, हे या संस्थेचे काम.

ते कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. युरोपात जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन या जातींच्या गाई भरपूर दूध देतात. जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातले एक लहानसे बेट आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची होल्स्टिन हॉलंड आणि उत्तर जर्मनीकडची. पण त्या गाई जशाच्या तशा इथे आणल्या तर आपले ऊन आणि आपल्या गोचिड्या त्यांना सोसत नाहीत. म्हणून गावठी गाय आणि परदेशी वळू यांचा संकर करायचा. आईकडून काटकपणा यावा, बापाकडून दूध यावे. अशी संकरित गाय अडीच-तीन वर्षांतच पहिल्यांदा विते आणि नीट सांभाळली तर दिवसाला आठ-दहा लिटर दूध देते.

प्रत्येक गावात परदेशी वळू पाळणे शक्य नव्हते. त्यावर कृत्रिम रेतन हा उपाय होता. उत्तम वळूचे रेत बारीक कांड्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. हा द्रव किती थंड असतो? उणे १९६ अंश सेल्सिअस. पाणी शून्य अंशाला गोठते, हे आठवा, म्हणजे कल्पना येईल. एवढ्या थंडीत रेत वर्षानुवर्षे टिकते. थर्मासच्या बाटलीसारख्या जाड धातूच्या भांड्यात ठेवून ते कोठेही नेता येते. एकच वळू अशा रीतीने हजारो गाईंच्या उपयोगी पडतो.

शास्त्र एवढेच होते, आणि ते मणिभाईंनी शोधलेले नव्हते. त्यांचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. गाय माजावर येते ती जेमतेम दिवसभरासाठी. ती वेळ चुकली की पुन्हा एकवीस दिवस थांबावे लागते. सरकारी दवाखाना दहा-पंधरा किलोमीटर दूर असेल तर शेतकऱ्याने काय करावे? दिवसाची मजुरी बुडवून गाईला उन्हातून चालवत न्यावे, आणि दवाखाना बंद असला तर तसेच परत यावे? एकदा असे झाले की तो पुन्हा जात नाही. मणिभाईंनी उलटे केले. गाईने दवाखान्यात जायचे नाही, दवाखान्याने गाईकडे यायचे. खेड्यातल्याच शिकलेल्या मुलांना शिक्षण देऊन केंद्रांवर नेमले गेले. निरोप आला की तो मुलगा नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून गोठ्यात हजर होई. गाय गाभण राहिली का, हे पाहायला तो परत येई. वासरू झाले की त्याची नोंद करी. आज हे साधे वाटते. पण खेड्यातल्या गरीब माणसाच्या दारात अशी सेवा वेळेवर पोहोचणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

तुमच्या घराजवळच परळला गुरांच्या डॉक्टरांचे एक फार जुने महाविद्यालय आहे. १८८६ साली ते सुरू झाले. गुरांचे शास्त्र मुंबईला इतक्या लवकर आले होते. परळपासून उरुळी काही फार दूर नाही. पण ते शास्त्र खेड्यातल्या गोठ्यापर्यंत पोहोचायला मध्ये किती वर्षे जावी लागली, याचा हिशेब तुम्हीच करा.

सगळेच बेत जमले असे मात्र नाही. संकरित गाईला हिरवा चारा रोज लागतो. तो कोठून आणायचा? मणिभाईंनी सुबाभूळ या झाडाचा प्रसार मोठ्या उत्साहाने केला. मूळचे ते मेक्सिकोकडचे झाड. भराभर वाढते, कापले तरी फुटते. पाला जनावरांना, लाकूड चुलीला आणि मुळे जमिनीला उपयोगी. काही वर्षे जिकडेतिकडे सुबाभळीचे नाव होते. पण नुसता तोच पाला जास्त खाऊ घातला तर जनावराला बाधतो, त्याचे केस झडतात. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस या झाडावर परदेशातून आलेली एक बारीक कीड पडली आणि पुष्कळ ठिकाणी झाडांचे शेंडे वाळले. एकाच झाडावर एवढी भिस्त ठेवायला नको होती, असे आज म्हणता येते. संकरित गाईंच्या मागे लागून आपल्या चांगल्या देशी जातींकडे दुर्लक्ष झाले, अशीही टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. संस्थेने पुढे देशी गाई आणि म्हशींच्या जातींवरही काम केले.

गोठा आला की शेण आले. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर शेताचे खत जाते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो. त्याऐवजी शेणात तेवढेच पाणी कालवून हवाबंद टाकीत सोडले, तर त्यात जळणारा वायू तयार होतो. शेगडी त्यावर पेटते आणि टाकीतून बाहेर पडणारी मळी उत्तम खत होते. पाच-सहाशे रुपयांचे नव्हे, रोजचे फुकटचे इंधन! हाच गोबरगॅस. खेड्यांच्या विकासाच्या कामात बायफनेही त्याचा पुरस्कार केला. तुम्हांला वाटेल, मुंबईचा आणि याचा काय संबंध? तर १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून तयार झालेला असा वायू वापरात होता. लोअर परळहून माटुंगा किती स्टेशने आहे, मोजा.

आता मणिभाईंच्या ज्या कामाची मला सर्वांत जास्त ओढ वाटते, त्याकडे येतो. ज्याच्याकडे विहीर आहे, थोडी जमीन आहे, त्याला संकरित गाय परवडते. पण डोंगरउतारावर ज्याचा एखादा एकर खडक आहे, त्याने गाईला काय घालावे? गुजरातेत वांसदा नावाचा आदिवासी तालुका आहे. तिथे पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून सगळा वाहून जातो, जाताना मातीही घेऊन जातो. पावसाळा संपला की तिथली कुटुंबेच्या कुटुंबे बायकामुलांसह कामाच्या शोधात बाहेर पडत. मुलांची शाळा तिथेच सुटे.

१९८२ साली मणिभाईंच्या संस्थेने तिथे 'वाडी' हा कार्यक्रम सुरू केला. मुंबईत वाडी म्हणजे चाळींची वस्ती. इथली वाडी म्हणजे फळबाग. प्रत्येक कुटुंबाने आपल्याच सुमारे एक एकर पडीक जमिनीत आंब्याची, काजूची कलमे लावायची. 'कलम' हा शब्दही तुमच्याच दौतीजवळचा. लेखणीसारखी तिरपी छाटलेली काडी दुसऱ्या रोपावर बसवतात, म्हणून ते कलम. बांधावर जळणाची आणि चाऱ्याची झाडे लावायची, म्हणजे आपोआप कुंपण होते. उतारावर आडवे चर खणून पाणी अडवायचे. कलमे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत भात, नागली, भाजीपाला घ्यायचा.

यात सर्वांत अवघड काय असेल? खड्डे खणणे? नाही. कलम फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला डोक्यावरून घागर आणून पाणी घालावे लागते. आणि उन्हाळा म्हणजे तर बाहेरगावी कामाला जायचे दिवस! घरातले सगळे गेले तर झाडे मरणार, आणि राहिले तर खाणार काय? या पेचावर नुसती व्याख्याने देऊन भागणार नव्हते. म्हणून पहिली वर्षे खड्डे, चर आणि झाडे जगवणे या कामांसाठी त्या कुटुंबांना मदत दिली गेली. माणसे आपल्याच जमिनीवर राबू लागली. सुरुवातीला मोजकीच कुटुंबे तयार झाली. त्यांची झाडे जगलेली पाहून शेजारी पुढे आले. पाच-सहा वर्षांनी आंबा बाजारात जाऊ लागला, तेव्हा बाहेरगावी जाणाऱ्या बायकामुलांची संख्या कमी होऊ लागली. पुढे आपल्या राज्यात जव्हारच्या डोंगराळ भागातही वाड्या उभ्या राहिल्या, आणि इतर राज्यांतही हा कार्यक्रम पोहोचला.

१९८२ हे वर्ष तुमच्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळ्या कारणाने आठवते. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे हात थांबले. त्यांतले कितीतरी जण गावी परतले. गावात त्यांची वाट पाहणारे शेत कसे होते, यावर त्या प्रत्येक घराचे पुढचे दिवस ठरले. त्याच वर्षी मणिभाईंना लोकसेवेसाठी फिलिपाइन्सचा रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशियात हा फार मोठा मान समजला जातो. पुरस्कार घेऊन ते परत उरुळीला आले. दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मणिभाई १९९३ साली वारले. तोवर त्यांची संस्था महाराष्ट्राबाहेर अनेक राज्यांत काम करू लागली होती. तिचे मुख्य कार्यालय आता पुण्याजवळ वारजे येथे आहे, पण गुरांचे संशोधन केंद्र अजून उरुळीलाच आहे. निसर्गोपचार आश्रमही तिथेच चालू आहे.

कधी सोलापूरच्या गाडीने गेलात, तर पुणे सुटल्यावर डोळे उघडे ठेवा. उरुळी येईल. पुष्कळ गाड्या तिथे थांबत नाहीत. पण रुळांच्या कडेने हिरवा चारा दिसेल, आणि सकाळची वेळ असेल तर दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे निघालेला एखादा माणूसही दिसेल.